पेंढाचोराची वाट

बैरूतला लागून असलेल्या बुर्ज हम्मूदच्या आमच्या आर्मेनियन गल्लीत होव्सेपला सगळे ‘काळोख्या’ म्हणत. आठवडाभर तो कारखान्यात चपलांचे तळ कापायचा आणि अमावास्येच्या जवळचा शनिवार आला की जुनी दुर्बीण गाडीत घालून डोंगर गाठायचा. बैरूतचा उजेड वर्षागणिक डोंगर चढत गेला, तसा होव्सेपही त्याच्या पुढे पळत राहिला. आधी बिक्फायाला भागायचं, मग सन्नीन, आणि शेवटी तर लक्लूकच्याही पलीकडे जावं लागे. पेट्रोल जाळून अंधार विकत घेणारा हा पहिलाच माणूस, असं म्हणून लोक हसायचे. तोही हसायचा, पण शनिवार चुकवायचा नाही.

त्याची बायको अझ्नीव मात्र एकदाही बरोबर गेली नाही. मला थंडी बाधते, म्हणायची. खरं कारण तिनं शेजारच्या सिर्वार्तला सांगितलं होतं: सवतीच्या भेटीला कोण जातं? तरी निघताना बास्तुर्मा, म्हणजे मसाला लावून सुकवलेलं मांस, घातलेला पाव आणि कॉफीचा थर्मास तीच त्याच्या हातात द्यायची.

पुढे तिच्या फुफ्फुसांनी दगा दिला. उशाशी प्राणवायूचं मशीन आलं, नाकाला नळी लागली आणि होव्सेपचा डोंगर सुटला. सरकारी वीज आली तर आली. घर चालायचं ते गल्लीला वीज विकणाऱ्या विगेनच्या जनरेटरवर. जनरेटर थांबला की आधार एकच, होव्सेपची मोठी बॅटरी. ती त्यानं हौसेनं दुर्बिणीसाठी घेतली होती. दुर्बिणीला ताऱ्याच्या मागोमाग फिरवणारी एक लहानशी मोटार होती, तिच्यासाठी. आता त्या बॅटरीवर बायकोचा श्वास चालायचा.

त्या ऑगस्टात गावातलं डिझेल आटलं. विगेन मध्यरात्रीनंतर जनरेटर बंद ठेवू लागला. पहिल्याच रात्री होव्सेप टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर गेला आणि जागच्या जागी उभा राहिला. टाक्यांच्या आणि डिश अँटेनांच्या वर, बंदरापासून थेट डोंगरापर्यंत आकाशगंगा पसरली होती. तीस वर्षं जिच्यासाठी घाट चढला, ती आपल्या पायांनी घरी आली होती. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, ते हे असं. सगळं शहर बुडालं होतं, खाली बायको नळीवर जगत होती, आणि या माणसाला आनंद झाला होता. खोटं कशाला बोला, झालाच होता.

दुसऱ्या रात्री अझ्नीवचा डोळा लागलाय असं बघून त्यानं दुर्बीण वर नेली आणि मोटारीची वायर जिन्यातून खाली सोडून त्याच बॅटरीला जोडली. एवढीशी मोटार, ती खाऊन खाऊन किती खाणार! उद्या जनरेटर लागला की भरून निघेल, असं त्यानं मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी जनरेटर जेमतेम चालला. बॅटरी पुरती भरायच्या आतच विगेन संध्याकाळी दारोदार सांगत आला, की टाकी कोरडी पडली, आता डिझेल मिळेल तेव्हा खरं. होव्सेपनं प्राणवायूच्या सिलिंडरसाठी शहरभर फोन फिरवले. एका दुकानदारानं सकाळचा वायदा केला. म्हणजे बॅटरीला सकाळ गाठायची होती.

खोलीची भट्टी झाली होती. सिर्वार्तच्या मदतीनं त्यानं अझ्नीवला गच्चीवर आणून गादीवर निजवलं. मशीन आणि बॅटरी जिन्याच्या तोंडाशी ठेवली, लांब नळी तिच्यापर्यंत आणली. ती बराच वेळ वर बघत राहिली.

“काल तू इथे होतास,” ती म्हणाली.

होव्सेप नळीचा पीळ सोडवू लागला.

“मला कुठली झोप. तुझ्या मोटारीची कुरकुर ऐकत पडले होते.”

“थोडाच वेळ लावली होती, अझ्नीव.”

“चांगलं दिसलं का?”

त्यानं मान हलवली आणि त्याला रडू कोसळलं.

“रडतोस काय म्हाताऱ्या. मलाही दाखव. एकदा सवतीचं तोंड तरी बघू दे.”

मग त्यानं तिला बोटानं एकेक तारा दाखवला. आकाशगंगेकडे तिनं स्वतःच हात केला. तिची आजी त्या पट्ट्याला पेंढाचोराची वाट म्हणायची. थंडीच्या दिवसांत कुणीतरी पेंढा चोरून पळाला आणि वाटभर सांडत गेला, तो हा पेंढा. ‘चोर सापडला म्हणायचा एकदाचा,’ असं म्हणून अझ्नीवनं नवऱ्याचा कान धरला. सिर्वार्त हसली. आणि त्याच वेळी जिन्यात मशीन बॅटरी संपत आल्याची टिटटिट करू लागलं.

सकाळ अजून लांब होती. होव्सेप पाच मजले उतरून विगेनच्या दारावर थडकला. विगेन पैशाला चिकट, तोंडानं घाणेरडा. पण त्या रात्री त्यानं एक अक्षर वावगं काढलं नाही. स्वतःच्या ट्रकच्या टाकीत नळी घातली, तोंडानं डिझेल ओढलं, थुंकला, पुन्हा ओढलं. डबा भरायला वेळ लागला, जनरेटर धरायलाही लागला. मग तो धडधडला. खिडक्या उजळल्या आणि नेहमीप्रमाणे अख्खी गल्ली ओरडली, “आली, आली!” कोणी शिट्ट्या वाजवल्या, कोणी टाळ्या.

होव्सेप धापा टाकत वर पोचला. गच्चीवर शेजारच्या दिव्याचा उजेड पडला होता, वर एकही तारा उरला नव्हता. जिन्यात मशीन पुन्हा सुरळीत घुरघुरत होतं. नळीतून हवा येत होती, ती घेणारं कोणी नव्हतं. सिर्वार्तनं अझ्नीवचे डोळे मिटून ठेवले होते. आत्ताच गेली, ती म्हणाली, अगदी आत्ता, तू जिन्यात असताना.

ती मोटार किती खाणार, हे होव्सेपला तेव्हा कळलं.