बर्फातले रोडगे

जगाच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडा, आठवड्याभरात तिथलं अकोट करून टाकील असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा मित्र आहे. अमरावतीला इंजिनीअरिंगला आम्ही एका खोलीत राहत होतो. तो अकोटच्या जिनिंगमधल्या फिटरचा मुलगा, मी अकोल्याच्या एका शाळामास्तरांचा. मे महिन्यात भर दुपारी, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, हा डोक्याला साधा रुमालही न बांधता चहाला निघायचा आणि वाटेत भेटेल त्याला बरोबर घ्यायचा. ओळख असायलाच हवी असं काही नव्हतं. एकदा असेच चहाला ओढून आणलेले एक गृहस्थ पुढे आमच्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून समोर बसले. मला घाम फुटला. यानं खुर्चीत टेकण्याआधी त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली.

असा माणूस नोकरीसाठी नॉर्वेला निघाला तेव्हा दिवाळीपर्यंत परत येतो, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिथं म्हणे बसमध्येसुद्धा कुणी कुणाशेजारी बसत नाही आणि सख्ख्या भावाकडे जायचं तरी आधी विचारून जातात. याच्यावर त्या देशाचा काही परिणाम झाला नाही. जो झाला तो त्या देशावर. लग्न करून वरुडच्या वहिनींना घेऊन गेला आणि संध्याकाळी हातात डबा घेऊन न विचारता लोकांची दारं वाजवू लागला. सुरुवातीला एका बाईला तो काहीतरी विकायला आलाय असं वाटलं. दार किलकिलं ठेवून ती नको नको म्हणत राहिली आणि हा तिला पातोडीचा रस्सा समजावून सांगत राहिला. तिथली भाषा तो शिकला, पण बोलायचा ती अकोटच्या हेलात, आणि अडलं की सरळ वऱ्हाडीत. इंग्रजी काहून नाही बोलत, असं मी फोनवर विचारलं होतं. म्हणाला, “थे त्यायची बी नाई अन् आपली बी नाई. मंग कोन्या एकाची त बोला.” काही वर्षांत त्या गल्लीतली पांढऱ्या केसांची माणसं होकार देताना ‘हाव’ म्हणू लागली.

गेल्या पावसाळ्यात वहिनी गेल्या. जानेवारीत त्याच्या मुलीचा मला फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. बाबा कुणाकडे जात नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, माझ्याकडेही येत नाहीत. काका, तुम्ही या आणि त्यांना तुमच्याकडे अमरावतीला घेऊन जा, तुमचंच ऐकतील. म्हणून मी ऐन फेब्रुवारीत, मेहुण्याचा ओव्हरकोट मागून घेऊन, त्या बर्फात जाऊन पडलो.

स्टेशनवर तो बोडक्या डोक्यानं उभा होता. केसांवर बर्फ साचला होता. “आला का,” एवढंच म्हणाला आणि माझी बॅग उचलून चालू लागला. याला गप्प बसवण्यात माझं कॉलेजचं आयुष्य गेलं होतं. आता बोलायची पाळी माझ्यावर आली. मी नांदगाव पेठेतल्या नव्या कारखान्यांबद्दल बोललो, संत्र्यांच्या भावाबद्दल बोललो, अकोटच्या रस्त्याबद्दल बोललो. तो घरातल्या खिडकीशी बसून बाहेर बघत हुंकार द्यायचा. शेवटी मी अमरावतीचा विषय काढला. माझ्या घरातली वरची खोली रिकामी आहे, तिथं राहा म्हटलं.

“तिथं येऊन काय करू?” तो म्हणाला. “तिथं बी तुही वहिनी नाईच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो झोपलेला असताना मी कचरा टाकायला बाहेर गेलो आणि माझ्यामागे दार आपोआप बंद झालं. अंगात स्वेटर, पायात सपाता. मी बेल दाबली, दार बडवलं, पण कानातलं यंत्र काढून झोपलेल्या माणसाला काय ऐकू जाणार? नाकाचं काही उरतंय की नाही अशी शंका येऊ लागली, तेव्हा शेजारचं दार उघडलं. विजेच्या खांबाएवढा एक म्हातारा उभा होता. त्यानं मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाला, “ये. बस. चा पेतं का?”

मी आधी थंडीनं आणि मग आश्चर्यानं गोठलो. चहा पिताना त्याची वऱ्हाडी संपली आणि आम्ही इंग्रजीवर आलो. मित्र कसा आहे, तो का येत नाही, हे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. गल्लीतल्या सगळ्यांनी फुलं पाठवली होती आणि तो बोलावील म्हणून सगळे वाट बघत होते. आमच्याकडे दुःखातल्या माणसाला त्रास देत नाहीत, असं तो म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे त्रासच देतात, चला, उठा.

या खेपेला बेल त्यानं दाबली आणि बोट काढलंच नाही. बऱ्याच वेळानं मित्रानं कानात यंत्र बसवत दार उघडलं. म्हातारा टोपी काढून उभा राहिला आणि जुळवून जुळवून म्हणाला, “तू येत नाई. म्हून मी आला.”

मित्र त्याच्याकडे बघत राहिला. “‘आला’ नाई रे,” तो म्हणाला, “‘आलो’.” आणि तिथंच चौकटीला टेकून रडू लागला. म्हातारा गोंधळला, मग त्यानं ‘आलो, आलो’ म्हणत त्याच्या पाठीवर हात ठेवला. वहिनी गेल्यापासून तो रडला नव्हता, हे मला मुलीनं नंतर सांगितलं.

पुढच्या रविवारी घरामागचा बर्फ फावड्यानं ओढून त्यानं रोडगे लावले. गोवऱ्या कुठून आणणार? तिथल्या भूर्जाच्या झाडांची लाकडं पेटवली आणि निखाऱ्यांत गव्हाच्या जाड पिठाचे गोळे भाजायला टाकले. आमंत्रणं द्यायला घरोघर स्वतः गेला. वांग्याच्या भाजीनं त्या गोऱ्या लोकांचे कान लाल झाले. तूप किती घ्यायचं यावर एका बाईनं डॉक्टरचं नाव काढलं, तर यानं डॉक्टरलाही बोलवायला सांगितलं. भाजी तिखट झाल्याचं मी म्हटलं तेव्हा तो हसला. “वरुडचा हात व्हता तिचा,” म्हणाला, “मोजून कदी टाकलंच नाई.” मग तो वहिनींबद्दल बोलू लागला, दोन्ही भाषांत, आणि सगळे बर्फात ताटं घेऊन ऐकत राहिले. त्याची मुलगी गाडीनं आली होती. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “काका, अमरावतीचं राहू द्या आता.”

मी एकटाच परत निघालो. स्टेशनवर तो बराच वेळ माझ्या बॅगेचा पट्टा धरून उभा होता. आम्ही दोघंही आता ज्या वयात आहोत, तिथं पुन्हा भेटू असं म्हणायला जरा धीर लागतो. गाडी आली तेव्हा त्यानं पट्टा सोडला.

“उन्हाळ्यात ये,” म्हणाला. “तवा इथं अंधारच पडत नाई. बोलाले लय टाइम भेटते.”

गुडघ्यांना आणि डॉक्टरला न विचारता मी हो म्हणून टाकलं.