गाढवाचा मान

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गाढव आहेत, हे आमच्या घरात आता सर्वांना मान्य आहे. त्यांनाही मान्य आहे. किंबहुना त्यांचा तसा आग्रहच आहे.

हे क्रमाने सांगायला हवं. अर्धवट सांगितलं की लोक माझ्याकडेच बघायला लागतात.

दाजी धुळ्याचे. माणूस सज्जन, पण मानपानाच्या बाबतीत फार हळवा. माझ्या लग्नात त्यांना टॉवेल मिळाला आणि गडबडीत टोपी राहून गेली. ते न जेवता उठले, आणि पुढच्या तीन आखाज्या ताईला माहेरी पाठवलं नाही. (टोपी मी पोस्टाने पाठवली होती. ती परत आली.) खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक आली नाही तर पुरण शिजतं, पण कुणाच्या घशाखाली उतरत नाही. तेव्हापासून दरवर्षी सणाच्या आधी अक्का, म्हणजे माझी आई, मला समोर बसवून बजावते, "बठ्ठं तुन्हा हातमा शे." म्हणजे सगळं माझ्याच हातात.

यंदा माझ्या मुलीला, मुक्ताला, एका कार्टून सिनेमाने झपाटलं. त्यात गाढव, सिंह, बकरी आणि घुबड यांना यानात बसवून अंतराळात पाठवतात. आमच्या पिंप्राळ्याच्या उकाड्यात नव्या कूलरसमोर बसून तिने तो इतक्यांदा लावला की कूलरलाही पाठ झाला असावा. आखाजीला सगळे जमले की तोच खेळ घरात करायचा, असं तिने ठरवलं. कूलरचं रिकामं खोकं ओसरीतल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बांधलं की यान तयार! मी टेप घेऊन खोक्याचं माप बंगईशी जुळवत होतो, तेवढ्यात मुक्ताचा फोनवरचा आवाज आला.

"फुवा, तुम्ही आमचे गाढव."

फुवा म्हणजे दाजी, तिच्या आत्याचे यजमान. पलीकडून फोन बंद झाला.

"तू फुवांना गाढव म्हणालीस?" मी विचारलं.

"मग काय झालं? दुसरं कोण शोभेल?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आता अख्खा पोशाख पाठवा पोस्टाने. तोही परत येईल."

मी हिशेबी माणूस. आयुष्य लोकांच्या बेरजा तपासण्यात गेलं. त्यामुळे तोडगाही हिशेबीच काढला. चार प्राण्यांत सगळ्यात मानाचा कोण? सिंह. सगळ्यात कमी मानाचा? गाढव. मग सिंह दाजींना द्यायचा आणि गाढव मी व्हायचं. दोन्ही बाजू चोख जुळल्या.

"बाबा, पण सिनेमात..." मुक्ता म्हणाली.

"सिनेमा राहू दे बाजूला. नाती आधी."

मी सुतळीचा अख्खा गुंडा उलगडून, हळदीत बुडवून, दाजींसाठी आयाळ केली. इतक्या निगुतीने केली की वाळत घातल्यावर शेजारीण विचारून गेली, कसल्या शेवया आहेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी आणि ताई रिक्षातून उतरले. दाजींची मान ताठ, नजर दूर कुठेतरी, खालचा ओठ पुढे. मी ओळखलं, रुसवा धुळ्याहूनच तयार होऊन आलाय. (धुळ्याहून निघाल्यापासून एरंडोलपर्यंत ते यानाच्या कप्तानाचा चेहरा जमवत होते, असं ताईने नंतर सांगितलं.) चहापाण्याचीही वाट न बघता मी ती आयाळ त्यांच्या गळ्यात घातली.

"भाऊ, हे काय?"

"सिंहाची आयाळ, दाजी. मान तुमचाच."

"आणि गाढव?"

"मी," मी नम्रपणे म्हणालो.

दाजींनी आयाळ काढली, खुर्चीवर ठेवली आणि पिशवी उचलली.

"नातवाच्या शेजारी बसून पूर्ण पाहिलाय मी तो सिनेमा. गाढव कप्तान असतं. बाकीच्यांचा जीव ते वाचवतं. सिंह सीटखाली लपून रडतो, त्याला उलट्या होतात. म्हणजे कप्तान तुम्ही, आणि उलट्या आम्ही करायच्या?"

राग चढला की दाजी अहिराणीत येतात. पायरीवर उभं राहून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मी गाढव शे, आणि गाढवच राहसू!"

समोरचे काका झाडांना पाणी घालत होते. पाइप तसाच हातात राहिला आणि त्यांची चप्पल भिजली.

"दाजी, पण काल तुम्ही फोन का ठेवलात?" मी कसंबसं विचारलं.

उत्तर ताईने दिलं. तिने पिशवीतून दोन लांबलचक कान काढले. राखाडी, आत पुठ्ठा, कडेने बारीक टाके. "फोन ठेवला आणि कपाट उघडलं. जुनी सफारी कापली. मला रात्रीचा स्वयंपाकसुद्धा करू दिला नाही, शिवायला बसवलं."

बायको माझ्याकडे वळली. "तुम्ही सिनेमा पाहिला होता ना?"

"पाहिला होता."

"यान उडालं तेव्हा तू घोरत होतास," अक्का म्हणाली. त्या कूलरचा वारा फार गार आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही.

अक्काने पाट मांडला. दाजींना बसवलं, कुंकू लावलं, नारळ दिला, टॉवेल दिला. टोपी मी स्वतःच्या हाताने घातली, त्यावर ते कान बांधले आणि हात जोडले. "दाजी, झालं गेलं विसरा. गाढव व्हा."

दाजींनी एक कान चाचपून पाहिला. मग म्हणाले, "आता एवढं म्हणताय तर."

पिशवी आत गेली. अक्काने डोळ्याला पदर लावला. पुढे दाजी, मग घुबड होऊन बायको, बकरी होऊन ताई आणि मागे मुक्ता, अशी मंडळी खोक्यात बसली. उरलेली आयाळ माझ्या गळ्यात आली आणि मी बंगईखाली शिरलो. दाजींनी उलटे आकडे मोजले, यान झुललं, आणि अक्काने अंतराळात खापरावरचे मांडे आणि आमरस पाठवायला सुरुवात केली.

मी खालून हात बाहेर काढला.

"सिंहाला काही देऊ नका," वरून कप्तानाचा हुकूम आला. "त्याला प्रवासात बाधतं."

"बरोबर," मुक्ता म्हणाली. "सिनेमात त्याला फक्त पाणी देतात."

यान पृथ्वीवर उतरलं तेव्हा आमरसाचं पातेलं पालथं होतं आणि मांड्यांच्या टोपलीत नुसतं फडकं उरलं होतं. संध्याकाळी निघताना दाजींनी टोपीवरचे कान सारखे केले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"काही म्हणा भाऊ, सिंह छान केलात. रडणं तर अगदी खरं वाटलं."

आता जावयाच्या शब्दाला मी कशाला खोटं पाडू!