पडद्यावरचं जऊळका स्टेशन

माझ्या अक्षराला हसू नका. चौथीतच शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझं मलाच कळत नाही, आणि आता बोटंही थरथरतात. घरात कॉम्प्युटर आहे, त्यावर मराठी लिहिता येतं मला... पण हे त्यावर लिहायचं नाही. माझा मुलगा प्रशिक पुण्यात बसून तो उघडून बघू शकतो. म्हणून कागद आणि पेन.

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, कोणाच्या अंगात येणं नाही. तथागतांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते, तेवढंच. मंगरूळपीरच्या आमच्या गल्लीत चौकात कोणी लिंबू टाकून ठेवलं की बाकीच्या बायका वळसा घालून जातात. मी सरळ उचलून नालीत फेकते. तरीही जे झालं ते झालं.

मागच्या हिवाळ्यात प्रशिक सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या ऑफिसनं काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर घेऊन आला. मी फारशी कोणाच्या दारात जात नाही, चारचौघांत तोंड उघडत नाही. तो पुण्याला गेला की आमचं घर मुकं होतं, हे त्याला ठाऊक. माझ्याशी समोरासमोर बोलता यावं म्हणून हा सगळा खटाटोप. पेनड्राइव्ह लावून त्यानं त्यात लिनक्स टाकलं, मशीन चालवणारी फुकटची सिस्टीम. जुन्या मशीनला झेपेल असा हलका डेस्कटॉप बसवला आणि सगळी नावं मराठीत करून दिली.

"आई, धर ना माऊस. काहून भेतं?"

"मोडलं मंग?"

"मोडत नाही. अन् मोडलं तं मी पुन्हा टाकतो ना."

पलंगावरून त्याचे बाबा म्हणाले, "टाक बाप्पा, टाक. तुह्या मायले आता कलेक्टरच कर!"

पडद्यावर मागे त्यानं आधी तथागतांचं चित्र लावलं होतं. मी पाहते तर कचरापेटीचं चिन्ह नेमकं त्यांच्या कपाळावर.

"अरे, त्याईच्या डोक्यावर कचरापेटी ठेवतं काय?"

त्यानं ती बाजूला सरकवली. पण नवी फाइल आली की ती पुन्हा चेहऱ्यावरच येऊन बसायची. शेवटी त्यानं ते चित्रच काढलं आणि येताना स्वतः काढलेला फोटो लावला — जऊळक्याचं स्टेशन. माझं माहेर. रिकामा फलाट, एक बाक, मागे कडुलिंब.

जाण्याआधी त्यानं मला सगळं शिकवलं. दर रविवारी एक काळी खिडकी उघडायची, त्यात इंग्रजी शब्द लिहायचे, मग मशीन आपली दुरुस्ती आपणच मागवून घेते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, म्हणजे माझ्या वाट्याला ते आलंच नाही. मी ती अक्षरं रांगोळीसारखी पाठ केली. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही... पहिल्यांदा मला वाटलं, बटणं बिघडली. आणि एक बटण त्यानं वेगळं दाखवलं.

"काही उलटंसुलटं दिसलं की हे दाबजो. पडद्याचा फोटो निघते. मी तिकडून पाहीन."

असे काही महिने छान गेले. रविवारी दुरुस्ती करायची, संध्याकाळी लेकाचं तोंड बघायचं.

मग एकदा मोठा वादळवारा झाला आणि गावातली विजेची लाईन दोन-तीन दिवस बंदच राहिली. लाईन आली त्या सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं — १ जानेवारी १९७०, सकाळचे ५:३०.

मी खुर्चीत तशीच बसून राहिले.

ती सकाळ मला माहीत आहे. माझे वडील रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते, जऊळका स्टेशनजवळच आमची खोली होती. आदल्या संध्याकाळी वडिलांनी किराणा दुकानदार शेठजींकडून मिळालेलं नवं कॅलेंडर भिंतीवर लावलं, आणि मी चौथीत होते म्हणून मला वाचायला लावलं. मी मोठ्यानं वाचलं — जानेवारी एकोणीसशे सत्तर. माय पोट धरून पडली होती, तरी हसली. पहाटेच्या पॅसेंजरनं वडील तिला अकोल्याच्या दवाखान्यात घेऊन निघाले. मी वाकळीत जागी होते. दारातून तिची पाठ दिसली. हिरवं लुगडं, काखेत गाठोडं. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर शेजारी निजलेल्या आत्यानं हात ठेवला.

"मागून हाक मारू नको पोरी. जाणाऱ्याचं काम होत नाही."

मी हाक गिळली. मी झोपले आहे असं समजून माय गेली. वडील एकटे परत आले. मग माझी शाळा सुटली, चूल आली. मायचा एकही फोटो नव्हता आणि हळूहळू तिचा चेहराही माझ्या मनातून गेला... फक्त पाठ राहिली.

तर त्या सकाळी ती तारीख वाचून मी नजर खाली आणली, आणि फलाटावर बाई होती.

बाकाच्या पुढे, पाठमोरी. हिरवं लुगडं, काखेत गाठोडं. फोटो हलत नसतो, एवढं मला कळतं. पण ती चालत होती. एक हात पोटावर धरून, हळूहळू, फलाटाच्या टोकाकडे.

माझं बोट प्रशिकनं दाखवलेल्या बटणावर गेलं. दाबलं असतं तर फोटो निघाला असता. प्रशिकला दाखवता आला असता, आणि मायचा एक तरी फोटो माझ्याजवळ राहिला असता, पाठीचा का होईना. पण ती टोकाला पोचली होती. बटण दाबावं की...

मी बटण सोडलं आणि ओरडले, "माय वं! मी जागी आहो!"

इतक्या मोठ्यानं मी उभ्या आयुष्यात बोलले नव्हते.

ती थांबली. वळली. गोल चेहरा, थोडी दमलेली, हनुवटीवर गोंदलेले तीन टिपके. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली — कळलं गं, अशी.

"कोणाले आवाज देऊन राह्यली?" यांनी अंगणातून विचारलं. मी वळून दाराकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. बाक, कडुलिंब, रिकामा फलाट.

संध्याकाळी प्रशिकला फोन करून फक्त तारखेचं सांगितलं. तो हसला.

"आई, आतला सेल संपला. लाईन नसली की घड्याळ शून्यावर जाते. अशा सगळ्या मशीनी त्याच दिवसापासून मोजतात, आपल्याकडं साडेपाचपासून."

"तोच दिवस कायले?"

"ज्याईनं बनवलं त्याईनं धरला. कुठून तरी मोजाच लागते ना."

परमुलखातल्या कोणा माणसांनी सगळ्या जगाचं मोजायला तोच दिवस धरला, ज्या दिवसापासून मीही मोजत आले. बरं, तारखेचा उलगडा झाला. बाईचा?

पुढच्या आठवड्यात मी जऊळक्याला गेले. आत्या आता खाटेवरच असते.

"आत्या, मायच्या हनुवटीवर काही होतं काय वं?"

"गोंदण होतं ना. तीन टिपके. लग्नाआधीचं." मग तिनं डोळे बारीक केले. "पण तुले कसं माहीत? तू तं विसरली होती तिचं तोंड."

मी तिच्या पायावर पांघरूण सारखं केलं.

उन्हाळ्यात प्रशिक बटणाएवढा नवा सेल घेऊन आला आणि मशीन खोलायला बसला.

"राहू दे," मी म्हटलं.

"अवं, रोज घड्याळ चुकते. घड्याळ चुकलं तं दुरुस्तीबी उतरत नाही."

"मी लावीन हातानं. मले सवय झाली."

"अजब आहे तू, आई," म्हणत त्यानं मशीन बंद केलं.

त्या सकाळी मी काय पाहिलं, हे मला अजून सांगता येत नाही. कोणी विचारलंच तर मी काहीच सांगणार नाही. नवा सेल टेबलाच्या खणात पडून आहे. रात्री मी प्लगचं बटण बंद करते. सकाळी सुरू केलं की पडद्यावर जानेवारी एकोणीसशे सत्तर येतं, पहाटेचे साडेपाच, आणि जऊळक्याचा फलाट. तो रिकामाच असतो. मी जागी असते. थोडा वेळ तशीच बसते, आणि मग आजची तारीख लावते.