खडीच्या ढिगातून आलेली घागर

मंडळी, आज भूमच्या बाजारात जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या हाताला धरून पहिली अक्षरं गिरवून घेणाऱ्या माझ्या आत्यांना कुकर घ्यायचा होता. मोडीत द्यायला त्यांनी गळकी पितळी घागर आणली होती. दुकानदारानं ती काट्यावर ठेवली, तशा आत्या म्हणाल्या, "थांबा! ही माझ्या एकटीची न्हाय. सुगंधाला इचारून येते."

"आत्या, इतक्या वर्षांनी कशाला विचारताय?"

"वर्षं झाली म्हणून एकटीची होती व्हय गं?"

मला धाकधूक, सुगंधामावशी नको म्हणाल्या तर?

वाटेत आत्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात आत्या आणि सुगंधामावशी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. आठवडाभराची मजुरी ज्वारीतच संपायची, भांड्याला काही उरायचं नाही. मग बायकांनी शेतातल्यासारखी तिथंही सावड केली. दर आठवड्याला प्रत्येकीनं थोडी खडी एकीच्या ढिगावर टाकायची. त्या आठवड्यात तिची मजुरी वाढायची आणि तिच्या घरात एक वस्तू यायची. आत्यांच्या पाळीला ही घागर आली; त्या बायकांपैकी आता या दोघीच उरल्यात.

सुगंधामावशी भाजी विकत बसल्या होत्या. ऐकून हसतच सुटल्या. "अगं येडे, मला कंदील आल्ता. त्यो कवाच मोडीत घातला म्या. तुला इचारलं व्हतं का?"

आत्या हसल्या नाहीत. "मग आता इचार."

मावशींनी हातातली मेथी खाली ठेवली. "इकू का गं कंदील?"

"इक."

"मग तू बी घागर इक."

तुमच्या घरातही अशी अनेकींच्या कष्टाची वस्तू आहे का? ती विकताना तुम्ही कुणाला विचाराल?