सात डब्यांची मामी

आमच्या दवनीवाड्यात संध्याकाळी टीव्हीवर काय दिसणार, ते एक बाई ठरवायची. आणि ती बाई खाटेवरून उठू शकत नव्हती. नात्याने ती नेमकी कुणाची मामी होती कोण जाणे, पण सगळं गाव तिला मामीच म्हणायचं. तिच्या आणि आमच्या घराची भिंत एक. ती तिकडे खोकली की माझी आई इकडून पाण्याचं विचारायची.

तिच्या नवऱ्याची, म्हणजे मामाची, गावात केबलची लाइन होती. छपरावर मोठी डिश आणि पुढच्या खोलीतल्या फळीवर सात सेट-टॉप डबे. डब्यावर जे चॅनल लावलं, तेच घरोघर दिसायचं. पंचाईत एवढीच की सातही डबे एकाच कंपनीचे. रिमोटचं बटण दाबलं की सगळेच हुकूम पाळायचे. त्यामुळे एक बदलायचा तर मामी बाकीच्या सहांवर टॉवेल टाकायची. ती हिंडतीफिरती होती तेव्हा एकदा ऐन सामन्यात टॉवेल घसरला आणि सातही चॅनलांवर एकच महाराज प्रवचन करू लागले. लोक तणतणत दारात आले. मामी ओट्यावर उभी राहून म्हणाली, "बरं झालं! तुमाले त्याचीच जरूरत होती."

मग एका उन्हाळ्यात वादळाने डिश फिरली. मामा गावाच्या दुसऱ्या टोलीत, पलीकडच्या वस्तीत, खांबावर चढलेला. मामी स्वतःच शिडी लावून वर गेली आणि पडली. नागपूरपर्यंत नेऊन आणलं, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. घरी आल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं. दोन घास खायची, बोलायची नाही. एवढी भांडखोर बाई गप्प झाली, याची आम्हाला भीतीच वाटायची. मामा माझ्या आईला म्हणाला, "वहिनी, हात तं चालतेत न तिचे? हाताले काम नसन तं ही बाई जगत नाई."

मामा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकला होता. त्याने गोंदियाहून एक जुना कॉम्प्युटर आणला. एका मासिकाबरोबर कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची सीडी फुकट मिळाली होती, ती त्यात चालवली. त्या म्हाताऱ्या मशीनला दुसरं काही झेपतच नव्हतं. मेलेल्या रिमोटांच्या तोंडातले बारके दिवे काढले, त्यांना लांब वायरी जोडल्या आणि एकेका डब्याच्या डोळ्यावर एकेक दिवा काळ्या पट्टीने चिकटवला. दिवा असा की त्याचा उजेड माणसाला दिसत नाही, डब्यालाच दिसतो. रिमोटच्या सगळ्या खुणा त्याने कॉम्प्युटरला शिकवल्या. कीबोर्डवर आधी डब्याचा नंबर, मग चॅनलचा, की तेवढाच डबा बदलणार. खाट पुढच्या खोलीत आली, कीबोर्ड मामीच्या पोटावर. तिने ढुंकून पाहिलं नाही. मामाने स्वतःच तीन नंबर बदलून दाखवला, तर शेजारचा चारही बदलला. मामा डोकं खाजवत उभा राहिला. तेव्हा खाटेवरून आवाज आला, "चारबी हालला न! पट्टी ढिल्ली हाये, दिसून नाई राह्यलं का?"

मामा पट्टी लावत होता आणि रडत होता. आम्ही खिडकीतून पाहत होतो.

त्या दिवसापासून ती खिडकी म्हणजे गावाची कचेरी झाली. कुणी पिच्चर मागायचं, कुणी सामना, कुणी मालिका. मामी भांडल्याशिवाय काही लावायची नाही. "कायले पाह्यतं ते? ते बाई रोज रडूनच राह्यते. तुह्या घरी रडनं कमी हाये का?" असं म्हणायची, समोरच्याला अर्धा तास तिष्ठत ठेवायची आणि अखेर तेच लावायची. परीक्षा आल्या की कार्टून बंद. पोरं खिडकीशी गोंधळ घालायची, ती म्हणायची, "पास व्हा बापा, मंग या." गावात कुणी गेलं की न सांगता सातही डब्यांवर भजन. आणि रोवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत बाया दमून लवकर झोपायच्या म्हणून त्यांची राहिलेली मालिका सकाळी पुन्हा लागे तेव्हा लावून ठेवायची. असे उपकार ती बोलून दाखवत नसे. शिव्या मात्र रोज देई.

माझं लग्न होऊन मी गोंदियाला आले. काही वर्षांनी घरोघर वेगळा डबा बसवायचा नियम आला. फळीवरचे सात डबे गेले, वायरी गेल्या. मामाने मामीच्या उशाशीही नवा डबा बसवला. दोनशे चॅनल, हातात रिमोट. खिडकीत मात्र कुणी येईना, कशाला येईल? आई फोनवर म्हणाली, "मामीनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं."

दिवाळीला गेले तेव्हा टीव्ही बंद होता. मामी वाळून गेली होती. मी म्हटलं, "मामी, काही लाव न."

"तूच लाव. आता ज्याचं त्याच्या हाती हाये."

मी रिमोट तिच्या हातात कोंबला. "मले मालिका पाहाची हाये. लाव."

"नाई लावत."

"काऊन नाई?"

ती हळूहळू माझ्याकडे वळली. "ते रडकी? सासरी जाऊन अक्कल वाढन म्हनलं तं होती तेबी गेली तुही!"

मग आम्ही भांडलो. चांगल्या कडाकडा भांडलो. अंगणातून मामा धावत आला, उंबऱ्यात क्षणभर थांबला आणि आत न येता तसाच परत फिरला. मामीने मला अर्धा तास तिष्ठत ठेवलं आणि अखेर मालिका लावली. निघताना म्हणाली, "उद्याबी ये."

दुसऱ्या दिवशी मला गोंदियाला परतायचं होतं. होळीच्या आत मामी गेली.

आता माझ्या घरी जेवणं आटोपली की मुलं आपापल्या मोबाइलमध्ये आणि नवरा त्याच्या. रिमोट माझ्या एकटीच्या हातात असतो. हवं ते लावते, कुणी काही म्हणत नाही. कुणीतरी तो हिसकून घ्यावा, असं फार वाटतं.