नोझल धरणारे काका

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका सावकाश माणूस अख्ख्या भोपाळात नसेल, आणि त्यांच्याइतका बिनचूकही. आनंद नगरजवळच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना हायड्रोजनच्या पंपावर मीच आणलं. तिथे मी मॅनेजर. पेट्रोलसारखी नळी खुपसून इथे भागत नाही. नोझल गाडीच्या तोंडावर चपखल बसवून खटका लावावा लागतो. काका आधी जुन्या धोतराच्या फडक्याने दोन्ही तोंडं पुसत, मग स्वतःचे हात, मग पुन्हा तोंडं. सासऱ्याने जावयाचे पायही इतक्या निगुतीने पुसले नसतील. एकदा एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "अंकल, गाडी भरनी है, दुल्हन नहीं सजानी." काका मान वर न करता म्हणाले, "सजेगी, तभी बिदा होगी."

गॅस बर्फाहून गार येतो. हवा दमट असली की नोझलवर हिम धरतं आणि ते गाडीला चिकटून बसतं. अशा वेळी काका त्यावर नुसता हात ठेवून उभे राहत. "सोडेल ते आपणहून. ओढायचं नाही," म्हणत. तेवढ्यात ड्रायव्हरला गुडघेदुखीवरचा लेप सांगून होई.

गेल्या श्रावणात वरचे साहेब पाहणीला आले आणि नेमकं नोझल चिकटलं. काका हात ठेवून उभे. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मला शरम वाटली. मी काकांच्या हातावर हात ठेवला आणि हिसका दिला. नोझलचं सील फाटलं, गळतीचा भोंगा वाजला, पंप आठवडाभर बंद राहिला. साहेबांची पाठ आमच्याकडे होती; हात कुणाचा ते कुणी पाहिलं नाही. अहवालात मी लिहिलं, ऑपरेटरने घाई केली. काकांनी, घाई! आणि सगळ्यांना ते पटलं.

त्यांना काढलं. कोपऱ्यावरच्या बाकावर बसणारे त्यांचे जुने फिटर सोबती त्यांना आता 'एक्स्प्रेस' म्हणतात. शेजाऱ्यांचे गळके नळ ते हौसेने दुरुस्त करायचे, तेही सोडलं.

परवा सगळं कबूल करायचं ठरवून मी त्यांच्याकडे गेलो. वाक्यही तयार होतं. मी बसतो न बसतो तोच तेच म्हणाले, "मी फार विचार केला रे. तुझा हात नुसता माझ्या हातावर होता. ओढलं मीच असणार. वय झालं, आता कळत नाही."

मी म्हणालो, "होतं असं, काका."

त्यांनी मान हलवली आणि आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघत राहिले, कुणा परक्याचे असावेत तसे.