मेई हो आणि माझं ‘हो’

मंडळी, आज नातवाच्या ऑनलाइन वर्गात एका चिनी मुलीचं आडनाव दिसलं, ‘हो’. इंग्रजीत दोनच अक्षरं. "आजी, असं आडनाव राहते काय?" म्हणून तो हसला.

बासष्ट साली अकोल्याच्या जुन्या शहरातल्या शाळेत मेई हो माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील दातांच्या कवळ्या बनवायचे. बाईंनी हजेरीत ‘हो’ म्हटलं की सगळा वर्ग "हो!" ओरडायचा.

चीनशी लढाई लागली, आणि इथल्या चिनी लोकांना पकडून छावणीत नेऊ लागले. माझे वडील पोलिसात होते. मेई म्हणाली, "तुह्या बाबाले सांगशील काय, आमी इथलेच आहो म्हणून?"

मी ‘हो’ म्हटलं. पण चिनी पोरगी माझी मैत्रीण आहे, हे घरी सांगायची भीती वाटली. चार दिवसांनी पोलीस मेईच्या घरच्या सगळ्यांना घेऊन गेले. ते परत आलेच नाहीत.

नातवाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "काहून नाही बोलली तू?" तुम्ही काय उत्तर दिलं असतं?